मेंढरांसाठी थांबलेली गाडी

सोलापूरहून येताना सांगोल्याच्या अलीकडे, हमरस्त्यापासून अर्ध्या किलोमीटरवर एक बंद पडलेली दगडखाण आहे. रविवारी सकाळी साडेनऊला तिच्या तळाशी एक लाल मोटार उलटी पडलेली सापडली. आत खालिद मिस्त्री होता. मेलेला.

शेळ्या घेऊन आलेल्या एका बाईनं ते पाहिलं आणि गावात जाऊन सांगितलं. दहा वाजता सहायक पोलीस निरीक्षक सृष्टी वाघमोडे खाणीच्या काठावर उभी होती. खाली जायला धड पायवाटही नव्हती. हवालदार सोमशेखरनं दोर धरला आणि ती साठ फूट खाली उतरली.

खालिदच्या डोक्याला मागून मार होता. सीटबेल्ट लावलेला नव्हता. डाव्या बाजूच्या पुढच्या चाकात ब्रेकचा एक बोल्ट जागेवर नव्हता. वर काठाशी टायर घासल्याची एकही खूण नव्हती.

"मग मिटलं की मॅडम," सोमशेखर वरून ओरडला. "ब्रेक लागलाच न्हाई, तर खूण कुठली?"

मिटलं कसलं? पण लोकांचं मिटलं होतं. दुपारपर्यंत अख्ख्या सोलापूरला ठाऊक झालं की अक्कलकोट रोडचा गॅरेजवाला खालिद गेला, आणि आदल्या संध्याकाळी त्या गाडीच्या ब्रेकचं काम त्याच्याच पोरानं केलं होतं. बापाचा जीव पोराच्या हातानं गेला, असं लोक चहा पिता पिता बोलून मोकळे झाले. लोकांचं काय जातंय बोलायला?

पोरगा, ताबीश, चोवीस वर्षांचा. तो आपणहून सांगोला पोलीस ठाण्यात आला आणि बाकावर बसला.

"मला आत टाका," तो म्हणाला.

"आधी बोल. बोल्ट कुणी आवळला?"

"मी."

"नीट आवळलास?"

"तेच आठवत नाही मॅडम. शनिवारी गुरुराज शेठच्या दोन्ही गाड्या होत्या. नवीचं ऑइल बदललं, जुनीचे ब्रेक केले. शेठ दोनदा फोन करून विचारत होते, ब्रेक झाले का, ब्रेक झाले का. मी आवळला असणार. पण हाताला आठवत नाही."

"वडिलांशी भांडण होतं?"

"रोजचंच. मी म्हणायचो, आता लॅपटॉप लावून गाड्या दुरुस्त होतात, पान्याचे दिवस गेले. ते म्हणायचे, आधी पाना तर धरायला शीक." तो मग खाली बघत म्हणाला, "त्यांनी ब्रेक दाबला असेल. पाय सरळ खाली गेला असेल. आणि त्यांना कळलं असेल, काम कुणाचं आहे ते. मरताना त्यांच्या मनात हेच असेल ना?"

 संध्याकाळी त्याची आई कमरबी प्रेत न्यायला आली. तिनं कागदांवर सह्या केल्या, पोराकडं बघितलंसुद्धा नाही, आणि गेली. ताबीश बाकावरून उठला नाही. त्याच्यावर हलगर्जीपणाचा गुन्हा नोंदवायचा कागद सृष्टीच्या टेबलावर तयार होता. वरिष्ठांनी सोमवार संध्याकाळची मुदत दिली होती. तिची सही तेवढी राहिली होती.

गाडी खालिदची नव्हती. ती गुरुराज शेठची. सोलापुरात टॉवेलचा कारखाना, पन्नाशीचा माणूस, बारक्या वेगवान गाड्या बाळगणाऱ्यांच्या क्लबाचा अध्यक्ष. सोमवारी सकाळी सृष्टी कारखान्यावर गेली, तेव्हा त्याचे डोळे सुजलेले होते.

"वीस वर्षांची ओळख," तो म्हणाला. "गाडीचा आवाज ओळखणारा खालिदसारखा कान दुसऱ्या कुणाला नाही."

त्यानं मागच्या शेडमध्ये नेऊन एका गाडीवरचं कव्हर काढलं. आणखी एक लाल मोटार. तसाच बसका आकार, तसाच पुढचा बिल्ला.

"ही पण तीच?" सृष्टीनं विचारलं.

"नाव तेच, केस्टा जीटी. पिढी वेगळी. गेलेली दोन हजार चारची, ही एकवीसची." गाड्यांचा विषय निघाला आणि माणसाचा आवाज बदलला. "जुनी नऊ सेकंदांत शंभर गाठायची. ही साडेसहात गाठते."

"मग नवीच भारी."

"पळायला भारी. पण नवीत गाडी चालवते, आपण नुसतं बसायचं. घसरली तर स्वतः सावरते, चढावर मागं येऊ देत नाही, सिग्नलला उभी राहिली की इंजिन आपलं आपण बंद करते, ब्रेकवरचा पाय काढला की चालू करते, पाऊस आला की वायपर फिरवते. जुनीत यातलं एक नाही. नुसतं वजनाला हलकी, आणि सगळा खेळ तुमच्या हातापायात. देशात साठच आल्या होत्या. मूळ रंग आणि मूळ इंजिन असलेली महाराष्ट्रात एक, ती माझी. पुण्याचे एक संग्राहक आज बघायला येणार होते. फक्त एक अट होती, खालिदनं लिहून द्यायचं की सगळं अस्सल आहे. या धंद्यात त्याच्या कागदाला मान होता."

"कागद दिला होता त्यानं?"

"देणारच होता."

"खाणीवर तुम्ही पाठवलंत?"

"छे. ब्रेक केल्यावर गाडी लांब पळवून बघायला तो नेहमी तिकडंच जायचा. वर सपाट मैदान आहे."

"रविवारी सकाळी तुम्ही कुठं होता?"

"नऊपर्यंत घरी झोपलो होतो. मग इथं. ही गाडी शनिवारी गॅरेजमधून आली तशी कव्हरखालीच आहे. हवं तर माझा फोन तपासा, तो घरीच होता."

फोनचं तिनं विचारलंच नव्हतं. सृष्टीनं गाडीत डोकावून पाहिलं. दाराच्या आतल्या कडेला ऑइल बदलल्याची बारकी चिठ्ठी होती, तारीख नसलेली, नुसता आकडा: ३१,४०६. मीटरवर ३१,५९८. तिनं सवयीनं दोन्हींचे फोटो काढले.

परतताना सोमशेखरनं जीप खाणीच्या अलीकडं थांबवली. माळावर धुळा मेंढरं चारत होता. रविवारी सकाळी लाल मोटार बघितलेला साक्षीदार म्हणजे हाच. सोमशेखरनं त्याचा जबाब आधीच लिहून घेतला होता, पण सृष्टीला तो त्याच्या तोंडून ऐकायचा होता.

"आबा, किती वाजले होते?"

"घड्याळ कुटलं आमास्नी? दिवस कासराभर वर आलावता."

म्हणजे साडेसात. सृष्टी वेळापूरकडच्या मेंढपाळाच्या घरातली. तिच्या आजोबांची दोनशे मेंढरं होती.

"गाडी कुठं निघालेली?"

"सांगुल्याकडं. तांबडी बारकी मोटार. मेंढरं रस्त्याच्या मधी, ती पल्याडनं आली आन थांबली."

"आत कोण होतं?"

"काचंवर ऊन हुतं. मानूस दिसला न्हाय. पर लई भला मानूस बगा. येरवी मोटारवाले हारन मारत्यात, आयमाय काडत्यात. ह्यानं मेंढरं बगितली आन इंजिन बंद केलं. मुकी जनावरं बिचकू नयेत म्हनून. सगळी पार झाली, तवा चालू करून गेला." धुळानं डोक्याचं मुंडासं सारखं केलं. "आसला मानूस मेला, लई वंगाळ झालं. मी बायकूला म्हनलं, देव चांगल्यालाच नेतो."

सोमशेखर हळहळला. सृष्टी मात्र जीपमध्ये जाऊन बसली. दोनशे मेंढरांमागं तिचं अख्खं बालपण गेलं होतं. हॉर्न ऐकले होते, शिव्या ऐकल्या होत्या. एकदा एकानं कोकरू चिरडलं आणि खाली उतरून बंपर पुसला. मेंढरांसाठी इंजिन बंद करणारा माणूस तिनं जन्मात पाहिला नव्हता. असेलही एखादा. पण तिला ते पचेना.

ठाण्याच्या आवारात क्रेननं वर काढलेली जुनी गाडी आणून ठेवली होती. सृष्टीनं ताबीशला बाकावरून उठवलं.

"मला गाडी कळत नाही. तू दाखव."

तो गाडीजवळ जायला तयार होईना. शेवटी गेला. चाकाशी बसला आणि बोल्टच्या रिकाम्या जागेवर टॉर्च धरून तसाच बसून राहिला.

"काय झालं?"

"हिरवं आहे."

बोल्टच्या भोकाच्या कडेला हिरव्या रंगाचा बारका ठिपका होता. अर्धाच, जणू ब्लेडनं कापलेला.

"नेलपॉलिश आहे मॅडम. आमच्या गॅरेजचा नियम. एकानं बोल्ट आवळायचा, दुसऱ्यानं पाना लावून तपासायचा आणि मग ही खूण करायची. अर्धी बोल्टवर, अर्धी लोखंडावर. बोल्ट जरा जरी फिरला तरी खूण तुटते. मी आवळला तर खूण अब्बांनीच केली असणार. शनिवारी मी घरी गेल्यावर."

"म्हणजे बोल्ट घट्ट होता."

"अब्बांनी तपासला असेल तर होताच. सैल बोल्टवर ते खूण करायचे नाहीत. कुणाच्या बापाचं ऐकायचे नाहीत." आपण काय बोललो ते त्याच्या ध्यानात आलं आणि त्यानं तोंडावर हात दाबला.

सृष्टीनं त्याच्या हातातला टॉर्च घेतला. मग विचारलं, "ही गाडी गरम असताना रस्त्यात बंद केली तर?"

"करायचीच नाही. गरम झाल्यावर ही पटकन उठत नाही. पाच-सहा वेळा किल्ली फिरवून सेल मारावे लागतात, नुसती घरघरते. ही खोड आम्हा दोघांनाच माहीत. शेठ कधी लांब चालवायचेच नाहीत, जपून ठेवायचे."

"कागदाचं काय? शेठला हवा होता तो."

ताबीशनं बॉनेट उचकटून इंजिनावरचा नंबर दाखवला. "पंधरा दिवसांपूर्वी अब्बांनी हे धुतलं आणि दिवसभर गप्प होते. आता बघा की, खालचं लोखंड घासलंय. शेवटचे चार आकडे वेगळ्या ठशाचे आहेत. हे मूळ इंजिन नाही. साध्या मॉडेलचं आहे, वरून नंबर ठोकलाय."

तेवढ्यात सरकारी डॉक्टरांचा फोन आला. डोक्याची जखम एकच, मागून, अरुंद जड वस्तूची. बाकीच्या जखमांतून रक्त आलेलं नाही. सृष्टीनं दोनदा विचारून घेतलं, मग जीप काढायला सांगितली आणि पुन्हा धुळाकडं गेली.

"आबा, मेंढरं पार झाल्यावर गाडी चालू कशी झाली? सेल मारला का? घरघरली का?"

"न्हाय बा. गप्पदिशी बंद झाली, तशी गप्पदिशी चालू झाली. निगाली."

"नक्की?"

"मेंढरागनिक आवाज वळखतो मी बाई. मोटारीचा वळखू न्हाय व्हय?"

संध्याकाळी पाचला गुरुराजला ठाण्यात बोलावलं, पंचनाम्यावर सही करायला म्हणून. नवी गाडी घेऊन या, मालक म्हणून कागद बघायचे आहेत, असंही सांगितलं. तो ऐटीत आला. खोलीत ताबीश बसलेला पाहून त्यानं त्याच्या पाठीवर हात ठेवला.

"पोरा, चूक कुणाच्याही हातून होते," तो म्हणाला.

"बसा शेठ," सृष्टी म्हणाली. "चुकीचंच बोलायचंय. रविवारी साडेसातला खाणीच्या अलीकडं एक लाल मोटार मेंढरांसाठी थांबली. आम्ही सगळे धरून चाललो की ती खालिदची. का? तर मोटार लाल, आणि पुढं खाणीत लाल मोटार सापडलेली. ती थांबल्यावर इंजिन बंद झालं. मेंढपाळ म्हणाला, भला माणूस. त्याचा दोष नाही, जिथं इंजिन बंद होतं तिथं बंद करणारा माणूस असणार, असंच त्याला वाटणार. पण खालिद ती जुनी गाडी गरम असताना भर रस्त्यात कधीच बंद करणार नाही. केलीच तर पाच-सहा सेल मारल्याशिवाय ती उठणार नाही. आणि ही मोटार गुपचूप बंद झाली, गुपचूप चालू झाली. सिग्नलला आपलं आपण करते तशी. तुम्हीच सांगितलंत."

गुरुराज हसला. "अशा गाड्या जिल्ह्यात शेकड्यानं असतील."

"असतील. म्हणून आकडा बघितला. ऑइलची चिठ्ठी शनिवारी संध्याकाळी ताबीशनं लावली, एकतीस हजार चारशे सहाला. गॅरेजपासून तुमचा कारखाना चार किलोमीटर. आज सकाळी मीटरवर एकशे ब्याण्णव जास्त. कव्हरखाली उभी असलेली गाडी एवढी फिरली कुठं? सोलापूरहून खाण, तिथून सांगोला, आणि परत मेंढपाळ भेटू नये म्हणून पंढरपूरवरून सोलापूर. सोमशेखरनं मोजलं. एवढंच होतं."

गुरुराजचं हसू गेलं. त्यानं पाणी मागितलं. कुणी उठलं नाही.

"खालिदला तुम्ही आधी पाठवलंत. पुण्याच्या माणसाला दाखवायला दोन पिढ्या शेजारी उभ्या करून फोटो काढू, असंच काहीतरी सांगितलं असणार. तो अंधारातच निघाला, मेंढरं रस्त्यावर यायच्या आत पोचला. तुम्ही मागून गेलात. कागदावर सही कर, म्हणालात. त्यानं नाही म्हटलं. तुम्ही मागून चाकाचा पाना मारला. मग त्याला सीटवर बसवलं आणि ब्रेकचा एक बोल्ट काढला, कारण ब्रेकचं काम पोरानं केलंय हे तुम्ही दोनदा फोन करून पक्कं करून घेतलं होतं. जुनी गाडी हलकी, एकट्या माणसाला ढकलता येते. बेल्ट लावायचं तेवढं विसरलात. आणि बोल्टवर खूण असते हे तुम्हाला माहीत नव्हतं. वीस वर्षांची ओळख, पण खालिद काम कसं करतो ते तुम्ही कधी बघितलंच नाही."

"गाडी माझी होती," गुरुराज म्हणाला. त्याला अजून वकील आठवत नव्हता. "एवढ्या लाखांची चीज मी स्वतः खाणीत टाकीन?"

"चीज कसली? ठोकलेल्या नंबरची गाडी. खालिदनं लिहिलं असतं तर उद्या अख्ख्या क्लबाला कळलं असतं की अध्यक्षाची अस्सल गाडी नकली आहे. खाणीत गेली की गाडी अस्सलची अस्सल राहिली. वर लोक हळहळणार."

 मग गुरुराज टेबलाकडं बघत बोलू लागला.

"मी म्हटलं, खालिद, एक ओळ लिही. तुझं काय जातंय? तो म्हणाला, शेठ, जे आहे तेच लिहीन, पोराच्या हातात हाच धंदा द्यायचाय. मला उपदेश करत होता. माझ्या पैशावर ज्याचं गॅरेज उभं राहिलं, तो मला."

ताबीश खुर्चीवरून उठला. सोमशेखर मध्ये आला, पण पोरगा मारायला उठलाच नव्हता. तो भिंतीला टेकून उभा राहिला. गुरुराजला बाहेर नेलं. सृष्टीनं टेबलावरचा हलगर्जीपणाचा कागद उचलून फाडला.

"मॅडम," ताबीश म्हणाला, "एकच सांगा. ब्रेक लागला नाही तेव्हा अब्बांना वाटलं असेल का, माझ्यामुळं..."

"तुझ्या अब्बांनी ब्रेक दाबलाच नाही. डॉक्टरांना मी दोनदा विचारलं. गाडी खाली गेली तेव्हा त्यांचा जीव आधीच गेलेला होता. तुझं काम त्यांनी शनिवारी तपासलं, पसंत केलं आणि खूण केली. त्यांना तेवढंच माहीत होतं."

दाराशी कमरबी उभी होती. सृष्टीनंच तिला दुपारी निरोप धाडला होता. किती ऐकलं होतं तिनं, कोण जाणे. ती आत आली आणि पोरासमोर थांबली. 

"सुबहा सब पूछे, बेटा कहाँ है," ती म्हणाली. "मैं कुछ नहीं बोली. सबने मिट्टी दी, तू नहीं था."

"अम्मी, मेरेकू लगा..."

"मेरेकू भी लगा." तिनं त्याचं मनगट धरलं. "माफ कर. चल अब. अब्बा को मिट्टी देना है तेरेकू."

सोलापूर ऐंशी किलोमीटर होतं आणि शेवटची एसटी निघून गेली होती. सृष्टीनं सोमशेखरला जीपची किल्ली दिली, आणि त्यांना थेट कब्रस्तानापर्यंत सोड, म्हणून सांगितलं.